शंभर डॉलरांचा गंज

२०१८ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या ॲनिस्टन या गावी टपालाने जाड पाकिटं यायला लागली. प्रत्येकात नागरिकत्वाचा पुरावा, वयाचा पुरावा, नेमबाजीच्या क्लबचं सभासदत्व, परवानाधारक विक्रेत्याचे कागद असा सगळा ऐवज. पाठवणाऱ्याला हवं होतं अमेरिकी लष्कराचं पॉइंट ४५ कॅलिबरचं जुनं पिस्तूल, ज्याला तिकडे नुसतं '१९११' म्हणतात. मुदत ४ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर. पिस्तुलं होती साधारण ८,०००, पाकिटं आली १९,००० च्या घरात. मग संगणकाने सोडत काढली, प्रत्येक अर्जाला क्रमांक मिळाला आणि त्या क्रमाने लोकांना फोन जायला लागले.

फोनवर निवड करायची ती फक्त दर्जाची. तेव्हा सर्व्हिस दर्जा होता १,०५० डॉलर, फील्ड दर्जा ९५० डॉलर, रॅक दर्जा ८५० डॉलर. पिस्तूल आधी बघायला मिळणार नाही, कोणत्या कारखान्याचं ते मागता येणार नाही, कोणत्या सालचं तेही नाही. वापरलेल्या पिस्तुलाचं बाह्यरूप त्याच्या किमतीत किती भर घालतं आणि कामात किती, हा वाद बंदुकांच्या दुकानांत रोज चालतो. तिथे मात्र प्रत्येक नग वेगळा आणि प्रत्येक विक्रेत्याचं तोंड वेगळं, त्यामुळे उत्तर हाती लागत नाही. इथे एकच माल, एकच विक्रेता, एकच तपासणी आणि तीन भाव. म्हणून हे प्रकरण घेतलं.

विक्रेती संस्था सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम, म्हणजे सीएमपी. नागरिकांना नेमबाजी शिकवणं हे तिचं काम. ती सरकारी खातं नाही, पण १९९६ च्या कायद्याने उभी राहिलेली आणि लष्कराच्या जुन्या गॅरंड रायफली विकून स्वतःचा खर्च भागवणारी. पिस्तुलं तिच्याकडे आली ती राजकारणातून. लष्कराकडे सुमारे एक लाख १९११ कोठारात पडून होती आणि ती सांभाळायला वर्षाला सुमारे दोन लाख डॉलर लागतात, म्हणजे नगाला दोन डॉलर, असा हिशोब अमेरिकी काँग्रेसमध्ये मांडला गेला. २०१५ च्या नोव्हेंबरात ओबामांनी सही केलेल्या संरक्षण कायद्यात ही पिस्तुलं सीएमपीला द्यायची वाट उघडली. प्रत्यक्ष माल पोचायला २०१८ उजाडलं.

कोठारात ती इतकी वर्षं का होती, हे पिस्तुलाच्या इतिहासातून कळतं आणि किमतीचा गुंताही तिथूनच सुरू होतो. जॉन ब्राउनिंगचं हे डिझाइन लष्कराने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारलं. त्याआधीच्या चाचणीत ६,००० गोळ्या झाडूनही ते अडकलं नव्हतं. १९२० च्या दशकात थोडे बदल होऊन एम१९११ए१ आलं. दुसऱ्या महायुद्धात कोल्ट कंपनी एकटी पुरी पडेना, तेव्हा टंकलेखन यंत्रं करणारी रेमिंग्टन रँड, शॉटगन करणारी इथाका, रेल्वेचे सिग्नल करणारी युनियन स्विच अँड सिग्नल यांनाही कंत्राटं गेली. शिलाई यंत्रांच्या सिंगरनेही ५०० पिस्तुलं करून दिली. हो, तीच सिंगर, जिचं पायाचं मशीन आपल्याकडे अजून घराघरांत निघतं. १९४५ नंतर लष्कराने नवं १९११ विकत घेतलंच नाही. १९८५ साली त्याच्या जागी बेरेटा कंपनीचं पिस्तूल आलं, तोवरची चाळीस वर्षं जुन्यांचीच दुरुस्ती करून भागवलं.

ती दुरुस्ती हे या प्रकरणाचं मूळ. लष्कराच्या शस्त्रागारात पिस्तुलं ढिगाने यायची, सुटी व्हायची, भाग तपासले जायचे, चांगले भाग पेटीत, वाईट भंगारात. मग पेटीतून हाताला येईल ती स्लाइड (वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग), हाताला येईल ती फ्रेम (खालचा, मुठीचा सांगाडा), नवी नळी, नवीन स्प्रिंगा, आणि वर फॉस्फेटचा राखाडी थर, ज्याला पार्करायझिंग म्हणतात. कोणत्याही कारखान्याचा भाग कोणत्याही पिस्तुलात बसला पाहिजे ही लष्कराची अटच होती. त्यामुळे इथाकाच्या फ्रेमवर रेमिंग्टन रँडची स्लाइड आणि आत तिसऱ्याच कंत्राटदाराची नळी असा संसार बहुतेकांचा. सीएमपीकडे आला तो मुख्यतः असा माल.

आता दर्जांच्या व्याख्या बघा, त्या फार बोलक्या आहेत. सर्व्हिस दर्जाच्या पिस्तुलावर किरकोळ खड्डे आणि झीज असू शकते, मूठ अखंड, पिस्तूल सैनिकाच्या हाती देण्याजोगं. फील्ड दर्जाच्या पिस्तुलावर किरकोळ गंज, खड्डे आणि झीज असू शकते, मूठ अखंड, पिस्तूल सैनिकाच्या हाती देण्याजोगं. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली की फरक उरतो तो 'किरकोळ गंज' एवढाच. शंभर डॉलर त्याचे.

रॅक दर्जाची व्याख्या मात्र भाषा बदलते. गंज, खड्डे, झीज 'असतीलच', मूठ तडकलेली किंवा अपुरी असू शकते, पिस्तूल चालतं पण सैनिकाला देण्याजोगं करायला थोडं काम करावं लागेल. म्हणजे वरून खाली येताना पहिले शंभर डॉलर निव्वळ रूपाचे, आणि दुसऱ्या शंभरांत रूपाबरोबर थोडं कामही मिसळलेलं. आकडा सारखा असल्याने ही गोष्ट नजरेतून निसटते. फोनवर दोन मिनिटांत निर्णय घेणाऱ्या बऱ्याच जणांच्या ती निसटली असणार.

हे भाव बाजाराने ठरवलेले नव्हते, हेही सांगायला हवं. आठ हजार नगांना एकोणीस हजार गिऱ्हाईक म्हणजे भाव मुद्दामच खाली ठेवलेला. पण पायऱ्या किती उंचीच्या असाव्यात हा विक्रेत्याचा अंदाज होता, आणि विक्रेता असा की ज्याने प्रत्येक नग उघडून, तपासून, गोळ्या झाडून पाहिलेला. माझ्या मते दुकानदाराच्या तोंडी भावापेक्षा हा अंदाज जास्त भरवशाचा.

मग पिस्तूल चालतं ते कशावर? १९११ मध्ये गोळी सुटते तेव्हा नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेली असतात. नळीच्या पाठीवरचे कंगोरे स्लाइडच्या आतल्या खाचांत बसतात. दोन्ही मिळून थोडी मागे सरकतात, मग नळीखालची छोटी कडी तिला खाली ओढते, कंगोरे सुटतात आणि स्लाइड एकटी मागे जाते. या कंगोऱ्यांच्या कडा गोलावल्या, कडीचं भोक मोठं झालं, किंवा नळीच्या तोंडाशी असलेलं बुशिंग, म्हणजे तिला धरून ठेवणारं कडं, सैल झालं, तर नेम बिघडतो आणि पुढे धोका वाढतो. यातलं काहीही बाहेरून दिसत नाही. चकाकत्या पिस्तुलात हे सगळं झिजलेलं असू शकतं, आणि रंग उडून पांढुरक्या पडलेल्या पिस्तुलात सगळं जागच्या जागी.

उलट जी झीज डोळ्यांत भरते ती बहुधा निरुपद्रवी. नळीच्या तोंडाजवळ आणि स्लाइडच्या कडांवर रंग उडालेला दिसतो, तो चामड्याच्या म्यानातून रोज काढ-घाल केल्याने. जे पिस्तूल कमरेला जन्मभर लटकलं ते फारसं चाललेलं नसण्याचीच शक्यता जास्त. अमेरिकी पोलिसांनी १९८० आणि ९० च्या दशकांत रिव्हॉल्व्हर टाकून पिस्तुलं घेतली, तेव्हा स्मिथ अँड वेसनची मॉडेल १० रिव्हॉल्व्हरं बाजारात आली. तिथेही जाणकार घासलेल्या नळीकडे दुर्लक्ष करून आधी गोळ्यांचं फिरतं सिलिंडर हलवून बघायचे.

१९११ हातात घेऊन हलवलं तर ते खुळखुळतं. नवखा गिऱ्हाईक यालाच झीज समजतो. पण युद्धकाळातल्या पिस्तुलांत ही ढिलाई मुळातच ठेवलेली होती, भाग अदलाबदल करता यावेत आणि चिखल-वाळू गेली तरी यंत्र चालावं म्हणून. अचूकतेच्या स्पर्धांसाठी लष्कराचे कारागीर हीच ढिलाई काढून पिस्तुलं घट्ट बसवत. घट्टपणा ही चैन होती, तिच्या अभावाला दोष म्हणता येत नाही.

पिस्तूल अडकतं तेव्हा दोषी निघतं ते बहुतेक वेळा मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची पेटी. त्याचे वाकलेले ओठ किंवा थकलेली स्प्रिंग. त्यानंतर एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे रिकामं काडतूस ओढून काढणारी पोलादी पट्टी, जिचा ताण गेलेला असतो. मग मागे गेलेली स्लाइड पुढे आणणारी मोठी स्प्रिंग. तिन्ही स्वस्त, तिन्ही घरच्या टेबलावर बदलता येणाऱ्या. घोडा आणि सीअर (चढवलेला घोडा अडवून धरणारा छोटा भाग) यांचा जोड मात्र तसा नाही. कोणीतरी चाप हलका करायला म्हणून तिथे कानस चालवलेली असेल, तर घोडा आपसूक पडू शकतो. असल्या पिस्तुलाला शंभर टक्के मूळ रंग असला तरी त्याला हात लावू नये, आधी कारागिराकडे न्यावं.

गंजाचेही दोन प्रकार वेगळे ठेवावे लागतात. दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या लष्करी काडतुसांच्या प्राइमरमध्ये, म्हणजे ठिणगी देणाऱ्या बुडाच्या टिकलीत, पोटॅशियम क्लोरेट असे. गोळी झाडल्यावर त्याचं पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीत उरतं, आणि हे मीठच, हवेतलं पाणी ओढून घेणारं. त्या रात्री साबणाच्या गरम पाण्याने नळी धुतली नाही तर सकाळी आत तांबूस झाक. नुसतं तेल लावून मीठ जात नाही. त्यामुळे बाहेरून देखणी आणि आतून खडबडीत अशी पिस्तुलं युद्धकाळात पुष्कळ तयार झाली. पण शस्त्रागाराच्या दुरुस्तीत नळी बदलण्याची रीतच होती. मिश्र भागांचं, वरून कुरूप पिस्तूल आतून मूळच्या 'अस्सल' पिस्तुलापेक्षा चांगलं निघण्याचं कारण हे.

बाहेरच्या गंजात बघायची ती खोली. पृष्ठभागावरचा तांबूस थर तेल आणि मऊ फडक्याने निघतो. खड्डा पडला तर तो राहणारच, पण फ्रेमच्या बाजूला किंवा मुठीच्या पट्ट्यांखाली असलेला खड्डा गोळीच्या वाटेत येत नाही. मुठीखाली घाम साचतो म्हणून तिथे तो हमखास सापडतो. स्लाइडच्या रुळांत, काडतूस बसतं त्या नळीच्या कोठीत किंवा ज्या तोंडावर काडतुसाची पाठ टेकते तिथे खड्डा असेल, तर गोष्ट रूपाची राहत नाही. तडाही तसाच. जुन्या स्लाइडी आजच्या इतक्या कठीण पोलादाच्या नव्हत्या, त्यामुळे काडतूस बाहेर पडायच्या खिडकीच्या कोपऱ्यात भिंग लावून बघण्याची सवय जाणकारांना असते.

अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनने वापरलेल्या बंदुकांच्या दर्जासाठी दोन वेगवेगळ्या फूटपट्ट्या ठरवल्या आहेत, आणि १९११ नेमकं त्या दोघींच्या मध्ये सापडतं. आधुनिक बंदुकांच्या फूटपट्टीत 'चांगली' म्हणजे सुरक्षित चालणारी, काही मोडलेलं नाही, आणि कामात अडथळा आणेल असा गंज किंवा खड्डा नाही. रंग किती उरला हा प्रश्न त्या पायरीवर नाहीच. पुराण बंदुकांच्या फूटपट्टीत मात्र आधी विचारतात, सगळे भाग मूळचे आहेत का? मग मूळ रंग किती टक्के, कडा धारदार आहेत का, अक्षरं स्वच्छ वाचता येतात का. चालते की नाही हे नंतर. पहिली नेमबाजाची, दुसरी संग्राहकाची. सीएमपीच्या तिन्ही पायऱ्या पहिल्या फूटपट्टीवर आखल्या होत्या आणि रांगेतले कित्येक लोक दुसरी खिशात घेऊन उभे होते.

सीएमपीला हे ठाऊक होतं, म्हणून चौथा दर्जा ठेवला होता: लिलावाचा. मूळ भाग टिकलेली, दुर्मिळ खुणांची पिस्तुलं वेगळी काढून ती ऑनलाइन बोलीवर. तिथल्या बोली ठरावीक भावांच्या कितीतरी पुढे गेल्या. त्यांतली सगळीच देखणी नव्हती. बोली लावणारा मोजत होता तो जुळणारे भाग आणि कारखान्याची खूण. सिंगरच्या त्या पाचशेंपैकी एक पिस्तूल २०१७ साली अमेरिकेतल्या एका लिलावात ४ लाख १४ हजार डॉलरांना गेलं. त्यातून गोळी सुटते ती इतर कुठल्याही १९११ सारखीच.

रूप, काम आणि अस्सलपणा या तीन गोष्टी आहेत, आणि गिऱ्हाईक पहिलीला तिसरी समजून पैसे मोजतो. इथे सगळ्यात मोठं नुकसान होतं. फील्ड दर्जाचं पिस्तूल घरी येतं, डाग बघून मालकाला चैन पडत नाही, तो ते घासून-पुसून, नवं ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळा-काळा रंग, करून आणतो. खंडेनवमीला घरातली तलवार चिंचेने आणि राखेने लखलखीत करायची आपली रीत ही त्याच मनाची, आणि जुन्या तलवारींचे संग्राहक तिला किती वैतागतात हे पुण्या-साताऱ्यातल्या कुणाही जाणत्याला विचारा. पॉलिशच्या चाकाखाली कडा गोल होतात, शस्त्रागाराचे छोटे शिक्के पुसट होतात, कारखान्याच्या नावाची अक्षरं उथळ होतात. यांतलं काहीच परत येत नाही. मूळ रंगाचं, सगळे भाग जुळणारं पिस्तूल असं पुन्हा रंगवलं तर त्याचा भाव सहज निम्म्यावर येतो.

मग शस्त्रागाराने जो नवा पार्करायझिंगचा थर दिला, तो कसा चालतो? तोही मूळ रंग नव्हेच. चालतो, कारण त्याबरोबर शिक्का आहे: ऑगस्टा शस्त्रागाराचा, रॉक आयलंडचा. तो थर लष्करातल्या नोकरीचा भाग धरला जातो, दुरुस्तीची नोंद म्हणून वाचला जातो. मालकाने दिलेला थर कितीही सफाईदार असला तरी त्यामागे नोंद नाही. थोडं गमतीचं वाटेल, पण यात तर्क आहे: संग्राहक विकत घेतो तो इतिहास, आणि १९९० साली गॅरेजमध्ये दिलेला रंग हा त्याला नको असलेला इतिहास. एक मात्र खरं, की शस्त्रागारात एकदा मिसळून गेलेल्या पिस्तुलाला गमवायला थोडंच उरलेलं असतं. त्याच्या राखाडी थरावर दोन ओरखडे आणखी पडले म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. म्हणूनच सर्व्हिस आणि फील्डमधले ते शंभर डॉलर मला सगळ्यात वाया जाणारे वाटतात. कामाला ते लागत नाहीत आणि संग्रहातही त्यांना फारशी किंमत नाही. उरतं ते पेटी उघडल्याबरोबर मिळणारं समाधान. त्यालाही मोल असतं, पण ते काय आहे हे ठाऊक असून द्यावं.

आपल्याकडे हे गणित जवळजवळ उलटं बसतं, आणि त्याचं कारण धोरण. १९८० च्या दशकात सामान्य परवानाधारकांसाठी विदेशी हँडगनची आयात बंद झाली, तेव्हा देशात जेवढी जुनी वेब्ली, कोल्ट, वॉल्थर होती तेवढीच हातोहात फिरत राहिली. पुरवठा गोठला की रूपाला भाव राहत नाही. पॉइंट ३२ चं जुनं विलायती रिव्हॉल्व्हर रंग उडालेलं असलं तरी कानपूरच्या कारखान्यातून आलेल्या कोऱ्या रिव्हॉल्व्हरपेक्षा महाग जातं. आपल्या शस्त्रांवर डाग पडायच्या वाटाही वेगळ्या. निवडणुका लागल्या की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा होतात, मुद्देमालाच्या खोलीत एकावर एक पडतात आणि परत येताना दोन-चार ओरखडे घेऊन येतात. परवानाधारक वारला की वारसाचा अर्ज निकाली निघेपर्यंत हत्यार ठाण्यात नाहीतर विक्रेत्याकडे पडून. ओरखड्यांनी काही होत नाही. खरा घात करतं ते चामड्याचं म्यान, ज्यात हत्यार तसंच ठेवून कपाट बंद केलेलं असतं. कातडं कमावताना वापरलेली रसायनं आणि कोकणातला पावसाळा मिळून एका हंगामात नळीच्या तोंडाशी खड्डे पाडतात. वारसांनी कागदपत्रांच्या धावपळीत एवढं तरी करावं: विक्रेत्याला सांगून हत्यार म्यानाबाहेर, तेल लावून ठेवून घ्यावं.

ॲनिस्टनकडे परत यायचं तर, प्रश्न उरतो रॅक दर्जाचा. २०१८ च्या भावाने ८५० डॉलरांत तडकलेली मूठ आणि 'थोडं काम' घेऊन येणारं पिस्तूल कोणी घ्यावं? सीएमपी स्वतःच दरवर्षी जुन्या, जशाच्या तशा लष्करी पिस्तुलांच्या स्पर्धा घेते. ज्याला त्यात उतरायचं आहे त्याने हेच घ्यावं, असं माझं मत. निशाण्यावरचे गुण नळी, चाप आणि नेमाच्या खुणा ठरवतात, आणि त्या तीनही गोष्टी सीएमपीच्या कारागिरांनी आधीच तपासलेल्या असतात. घरी आल्यावर मुठीच्या पट्ट्या काढून खालचा गंज बघायचा, तेलाने पुसायचा, खड्डे असतील तर ते तसेच ठेवायचे. मोठी स्प्रिंग नवी घालायची, कारण तिचं वय कुणालाच माहीत नसतं. एक चांगलं मॅगझिन घ्यायचं. मूठ युद्धकाळातल्या तपकिरी प्लॅस्टिकचीच शोधायची, ती जुन्या मालात मिळते. रिकाम्या पिस्तुलावर दोन्ही सुरक्षा कळा आणि घोड्याला अर्ध्या वाटेत अडवणारी खाच काम करते का ते तपासून घ्यायचं, शंका आली तर कारागिराकडे. या सगळ्याला वाचलेल्या दोनशे डॉलरांतले अर्धे-मुर्धे लागतील, उरलेल्यांची काडतुसं आणायची. पार्करायझिंगला हात लावायचा नाही.